बस लांब उभी करा, पूल चालत ओलांडा : मराठी मंडळांच्या सहल समित्यांना खुले पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतल्या सर्व मराठी मंडळांच्या सहल समित्या

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गणपती उरकले की तुमच्या बैठका सुरू होतात. न्यू इंग्लंडची झाडं रंगायला लागलेली असतात, कुणीतरी बसचं कोटेशन काढतं, कुणीतरी पुरीभाजीचा हिशोब मांडतं, आणि शनिवार-रविवारचा बेत ठरतो : दोन कव्हर्ड ब्रिज (छपराचे लाकडी पूल), एक सफरचंदाची बाग, मेपल सिरपचं दुकान आणि परतीच्या वाटेवर गाण्याच्या भेंड्या. यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. आमच्या व्हरमाँट राज्यात वर्षातले तीन आठवडे जरा गर्दी होते, मराठी कानावर पडतं, चार ओळखी निघतात. मला तर बरंच वाटतं.

पण माझं पोट पुलांवर आहे. पूल तपासणं हा माझा धंदा, आणि त्यात हे छपराचे लाकडी पूलही येतात. तेव्हा तुमच्या बेतातल्या पहिल्या कलमाबद्दल थोडं बोलायचं आहे.

निमित्त सांगते. गेल्या पानगळीत आमच्या भागात एका मंडळाच्या सहलीची बस पुलाच्या तोंडाशी अडकली. मंडळ कुठलं, ते इथे लिहिणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. फोनवरच्या नकाशाने जवळचा रस्ता दाखवला, ड्रायव्हर बाहेरगावचा, उंचीची पाटी पुलापाशी होती आणि त्याआधीच्या वळणावरही होती. बसच्या टपावरचा एसीचा डबा पहिल्या आडव्या तुळईला बसला. तुळई मधोमध उभी चिरली आणि कोपऱ्यातला तिरका टेका सांध्यातून निखळून एका खिळ्यावर लोंबत राहिला. बस मागे घेतली, उतरलेल्यांनी फोटो काढले आणि सगळे सफरचंदाच्या बागेत गेले. कुणालाही फोन केला नाही. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या एका बाईंनी तो टेका लोंबताना पाहिला, तेव्हा गावाला पत्ता लागला. पूल बंद झाला, तो हिवाळा सरेपर्यंत.

अपघात कुणाकडूनही होतो, म्हणून तेव्हा गप्प बसले. या वर्षी त्याच मंडळाची सहलीची सूचना माझ्यापर्यंत फिरत आली. तोच पूल, तीच वेळ, बस मात्र आणखी मोठी. मग म्हटलं, आता सगळ्यांनाच लिहू.

आधी छपराचं बोलू, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. बसमध्ये हमखास दोन गोष्टी सांगितल्या जातात. खालचं पाणी बघून घोडे बुजायचे म्हणून भिंती घातल्या, ही पहिली. पुलावर बर्फ साचू नये म्हणून छप्पर घातलं, ही दुसरी. घोड्यांची गोष्ट ऐकायला गोड आहे, असू द्या. बर्फाची मात्र नेमकी उलटी आहे. त्या काळी हिवाळ्यात चाकांच्या गाड्या ठेवून द्यायचे आणि घसरत्या गाड्या बाहेर काढायचे. बाहेर रस्ताभर बर्फ आणि पुलात कोरड्या फळ्या, म्हणजे गाडी तोंडाशीच रुतणार. त्यामुळे गावं मजुरी देऊन माणसं लावायची आणि फावड्यांनी बाहेरचं बर्फ पुलात आणून पसरायची. ज्या छपराने बर्फ अडवलं, त्याच छपराखाली ते माणसांकरवी आत आणायचं, असा तो व्यवहार होता.

छप्पर असतं ते लाकडासाठी. लाकडाला पाण्याचं वावडं नाही; पावसात भिजलं आणि उन्हात वाळलं तर त्याचं फारसं बिघडत नाही. घोडं पेंड खातं ते सांध्यात. दोन तुळया जिथे एकमेकींत खाच करून बसवलेल्या असतात, तिथे शिरलेलं पाणी बाहेर यायला वाट नसते. ओल मुरते, बुरशी धरते आणि लाकूड आतून कुजतं. उघड्यावरचा लाकडी पूल दहा-पंधरा वर्षांत कामातून जायचा. तोच पूल वरून शाकारला आणि बाजूंनी फळ्या ठोकल्या की शंभर-दीडशे वर्षं उभा राहतो. कोकणातल्या जुन्या घरांचं काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल : भिंती धडधाकट असतात, पण दोन पावसाळे शाकारणी चुकली की घर बसतं. अमेरिकेत हे पहिल्यांदा अमलात आलं फिलाडेल्फियाला, १८०५ मध्ये. टिमथी पामर या सुताराने स्कूलकिल नदीवर लाकडी पूल उभा केला आणि पूल कंपनीचे रिचर्ड पीटर्स, जे पेशाने न्यायाधीश होते, त्यांनी आग्रह धरून त्यावर छप्पर घालून घेतलं. एका न्यायाधीशाने इंजिनिअरिंगमध्ये नाक खुपसलं आणि ते योग्य ठरलं, असा प्रसंग माझ्या धंद्यात विरळाच.

आम्ही तपासायला जातो तेव्हा हातात काय असतं? ओल मोजायचं एक छोटं यंत्र, एक हातोडी आणि एक टोच्या. या देशात रस्त्यावरचा बहुतेक प्रत्येक पूल दोन वर्षांतून एकदा तपासावा लागतो. त्यात लाकडी पूल आला की निम्मा वेळ गुडघ्यावर जातो. पत्र्याचा एक खिळा उखडलेला असतो. त्या भोकातून एक काळपट ओघळ खांबावरून उतरलेला दिसतो आणि खाली तळाच्या तुळईच्या सांध्यात नाहीसा होतो. बाहेरून लाकूड ठणठणीत. हातोडीने वाजवलं की वर टणक आवाज आणि सांध्याजवळ बद्द. टोच्या लावला की मुठीपर्यंत आत जातो आणि बाहेर येताना ओलसर तपकिरी भुगा घेऊन येतो. एक खिळा वेळेत ठोकला असता तर ती तुळई आणखी पन्नास वर्षं गेली असती. हे एवढ्यासाठी सांगते आहे की या पुलांचं आयुष्य अशा बारक्या गोष्टींवर चालतं. तिथे टपावरच्या एसीच्या धडकेची गोष्टच वेगळी.

धडक बसते तेव्हा नेमकं काय मोडतं, हे तुमच्यातल्या इंजिनिअरांसाठी. (प्रत्येक समितीत निदान चार तरी असतात.) या पुलाचा भार पेलतात त्या त्याच्या दोन बाजूच्या भिंती. फळ्यांच्या आत जी त्रिकोणांची किंवा तिरक्या जाळीची चौकट दिसते, ती खरा पूल. रस्ता नुसता तिला टांगलेला असतो. या दोन उंच, सडपातळ चौकटी स्वतःच्या जिवावर सरळ उभ्या राहू शकत नाहीत. त्यांना सरळ धरतात वरच्या आडव्या तुळया आणि कोपऱ्यातले तिरके टेके. उंच गाडी लागते ती नेमकी इथे. छप्पर फुटलं असतं तर पत्रा बदलून भागलं असतं. तुळई आणि टेका गेला की अख्खी चौकट झुकायला मोकळी होते, आणि मग एका टोकाच्या धडकेने दुसऱ्या टोकाचे सांधे उघडलेले सापडतात.

तोंडाची उंची इतकी कमी का, असंही विचारलं जातं. त्या काळी जी सर्वांत मोठी गाडी जायची तिच्या बेताने ती ठेवली होती, आणि ती गाडी म्हणजे गवताने शिगोशीग भरलेला छकडा. गवताचा छकडा गेला की काम झालं. त्या सुतारांना टपावर एसी बसवलेल्या छप्पन्न आसनी बसचं स्वप्न पडलं नाही, हा त्यांचा दोष धरता येत नाही.

आणि वजन? भरलेली मोठी बस वीस टनांच्या वर जाते. पुलावरच्या पाट्या बघा : कुठे तीन टन, कुठे आठ, कुठे दहा. म्हणजे उंचीतून बस गेली तरी वजनात नापास. ‘मागच्या वर्षी गेली होती, काही झालं नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता उत्तर द्यायचा कंटाळा येतो. लाकूड एकदम मोडत नाही. खुंट्यांची भोकं थोडी थोडी मोठी होत जातात, चौकटीला मुद्दाम दिलेला वरचा बाक हळूहळू सपाट होतो. ‘काही झालं नाही’ याचा अर्थ तुम्हाला दिसलं नाही, एवढाच.

लिंडन नावाचं एक गाव आहे आमच्याकडे उत्तरेला. तिथला मिलर्स रन पूल १८७८चा. घरसामान हलवायला भाड्याने मिळतात ते खोक्यासारखे ट्रक त्या पुलाला इतक्या वेळा येऊन थडकले की गाव बातम्यांत गेलं. पाट्या वाढवून झाल्या, दिवे लावून झाले. ट्रक चालवणारा मुळात ट्रकवाला नसतोच. एरवी तो छोटी गाडी चालवतो, आपल्या डोक्यावर आज बारा फूट उंचीचं खोकं आहे हे त्याच्या ध्यानातच राहत नाही. तुमच्या सहलीत सामानासाठी असा ट्रक कधी घेतला, तर चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उंचीचा आकडा चिकटवून ठेवा. फोनवरच्या नकाशाला बसची उंची कळत नाही.

आता थोडं कौतुकाचं, कारण तुम्ही बघायला येताच आहात तर बघण्यासारखं बघा. आपल्या लोकांना छपराबरोबर फोटो काढायची घाई असते आणि आत मान वर करून कुणी बघत नाही. आत बघा. तिरक्या फळ्यांची जाळी दिसली, तर ती इथिएल टाउन या कनेटिकटच्या वास्तुविशारदाची करामत. १८२० मध्ये त्याने तिचं पेटंट घेतलं. कल्पना इतकी सरळ की डोकं खाजवावं : एकसारख्या फळ्या, एकमेकींना तिरक्या, आणि प्रत्येक छेदावर ओक लाकडाच्या खुंट्या. महागडं लोखंड जवळपास नाही, मोठे वासे नाहीत, अवघड सांधे नाहीत. गावातल्या साध्या सुतारालाही जमावं असं. टाउन स्वतः पूल बांधत बसला नाही, हक्क विकायचा. फुटाला एक डॉलर, आणि न विचारता बांधलेला सापडला तर दोन. धंद्याचं डोकं म्हणावं तर हे.

याच जातीचा, पण फळ्यांऐवजी जाड चौकोनी वाशांचा पूल बघायचा तर न्यू हॅम्पशायरचं कॉर्निश आणि व्हरमाँटचं विंडसर या गावांमधला. कनेटिकट नदीवर १८६६ मध्ये जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर यांनी बांधला, खर्च नऊ हजार डॉलर. लांबी ४४९ फूट, गाळे (खांबांमधली अंतरं) दोनच. त्या जागेवरचा तो चौथा पूल. आधीचे तीन नदीने नेले. १९४३ पर्यंत तिथे टोल होता. गंमत अशी की सहलीच्या फोटोंखाली सर्रास ‘व्हरमाँटचा प्रसिद्ध पूल’ असं लिहिलं जातं, आणि राज्यांची सीमा व्हरमाँटच्या काठाला लागून असल्यामुळे नदीही न्यू हॅम्पशायरची आणि पूलही जवळपास सगळा न्यू हॅम्पशायरचा. न्यू हॅम्पशायरवाले हे तुम्हाला विचारल्याशिवाय सांगतात.

त्या पुलाच्या कपाळावर जुनी पाटी आहे. घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. दोन डॉलर तेव्हा थोडे नव्हते. हा दंड कशाला, तर घोडे दुडक्या चालीने निघाले की टापांचा ठेका बसतो, आणि एका ठेक्यात पडणारा भार लाकडी चौकटीला नुसत्या वजनापेक्षा जास्त हलवतो. हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी फिरत फिरत माझ्याकडे आलेला एक व्हिडिओ. नऊवारी नेसलेल्या बायका आणि फेटे बांधलेले पुरुष, तीस-चाळीस जण, पुलाच्या आत लेझीम खेळताहेत. घुमलं सुंदर, नाकारत नाही. लाकडी पेटीत लेझीम घुमणारच. पूल काही त्याने पडला नसता. पण कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात पुलाबाहेर थांबलेल्या तीन गाड्या दिसत होत्या आणि त्यातल्या एकीवर दिवा फिरत होता. लेझीम पुलाबाहेरच्या गवतावर खेळा. गाववाले खुर्च्या घेऊन बघायला येतील, मी पहिली येईन.

त्या फिरत्या दिव्यावरून आगीकडे येते. मला सगळ्यात जास्त धास्ती हीच. दीडशे वर्षं वाळलेलं लाकूड, वर छप्पर, दोन्ही तोंडं उघडी, खालून नदीचा वारा. असा पूल पेटला की विझवायचं काम उरत नाही. आजूबाजूचं काही पेटू नये एवढंच बघायचं. इंडियानातल्या पार्क काउंटीत ब्रिजटनचा पूल होता, १८६८चा. २००५ मध्ये कुणीतरी आग लावली आणि तो राख झाला. गावाने वर्षभरात त्याच जागी तशाच बांधणीचा दुसरा उभा केला, पण १८६८ साल परत उभं करता येत नाही. आयोवात मॅडिसन काउंटीतला सीडर पूल २००२ मध्ये जाळला, गावाने नवा बांधला, २०१७ मध्ये तो पुन्हा जाळला. ही मुद्दाम लावलेली आग झाली. आपली मंडळी आग लावणार नाहीत, चहा करतील. पाऊस आला म्हणून पुलात आडोशाला थांबायचं, डिकीतून छोटा गॅस काढायचा आणि आल्याचा चहा टाकायचा, हे मी स्वतः पाहिलं आहे. वास इतका छान येत होता की रागवायला जिवावर आलं. तरी गॅस बंद करायला लावला, आणि चहा नंतर माझ्या घरी झाला. पुलात गॅस, सिगरेट, फोटोसाठी फुलबाज्या आणि पणत्या, यांतलं काहीही नको. दिवाळीच्या कार्डासाठी पणत्यांची ओळ मांडायला दुसरी जागा शोधा.

मग कुणी म्हणेल, एवढे नाजूक आहेत तर रहदारीला बंदच करून टाका, नुसते बघायला ठेवा. आमच्याकडेही असं म्हणणारे आहेत, आणि माझं त्यांच्याशी पटत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्थ ब्लेनहाइम गावचा पूल घ्या. १८५५ मध्ये व्हरमाँटच्या निकोलस पॉवर्सने बांधलेला, एका गाळ्यात दोनशे फुटांच्या वर. १९३१ मध्ये शेजारी लोखंडी पूल झाला आणि हा जुना ठेवा म्हणून राखून ठेवला. त्यावरून गाड्या जात नव्हत्या. २८ ऑगस्ट २०११ ला आयरीन वादळाचा पूर आला आणि तो गेलाच. त्याच दिवशी व्हरमाँटात बार्टन्सव्हिलचा १८७०चा पूलही वाहून गेला. तो वापरातला होता. पडतानाचा व्हिडिओ जगभर फिरला, कदाचित तुम्हीही पाहिला असेल : पूल आधी एका टोकाने जरा वाकडा होतो, आणि मग बघता बघता पाण्यात उतरतो. पुराने दोघांत फरक केला नाही. पुढे मात्र फरक पडला. बार्टन्सव्हिलचा नवा लाकडी पूल जानेवारी २०१३ मध्ये सुरू झाला, कारण लोकांना रोज तिथून जायचं होतं. ब्लेनहाइमची प्रतिकृती उभी राहायला २०१८ उजाडलं, कारण ज्या पुलावरून रस्ताच जात नाही त्याला सरकारी मदत का द्यावी, यावर वर्षानुवर्षं कागद फिरत राहिले.

आणखी एक कारण आहे, ते मी रोजच्या कामात बघते. वापरातल्या पुलावर दिवसाला शंभर डोळे असतात. एखादी फळी वाजायला लागली, छपरातून धार लागली, तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी गावच्या रस्तेवाल्याला सांगतं. बंद पुलावर फळी निमूट कुजते. म्हणून हे पूल चालू राहिले पाहिजेत असं मला वाटतं, आणि ते चालू ठेवायचे तर पाटीवरचे आकडे पाळावे लागतात.

खर्च कुणाचा, हेही सांगून टाकते, कारण ‘सरकार करेल’ असा आपला एक समज असतो. व्हरमाँटात गावातले बरेच रस्ते आणि पूल गावाच्याच माथी असतात. मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरते. शाळेच्या जिममध्ये किंवा गावच्या सभागृहात लोखंडी खुर्च्या मांडतात, लोक घरून केक आणि सूप आणतात, आणि बर्फ काढायच्या गाडीपासून वाचनालयाच्या दिव्यांपर्यंत एकेका खर्चावर हात वर होतात. पुलाची तुळई त्याच यादीत येते. हजार-दीड हजार वस्तीच्या गावात तो बोजा घरपट्टीत थेट दिसतो. राज्याची मदत मिळते, ऐतिहासिक छपराच्या पुलांसाठी केंद्राने १९९८ मध्ये वेगळी योजनाही काढली. पण योजनेचे पैसे अर्ज करून, रांगेत थांबून मिळतात आणि टेका आज लोंबत असतो. तेवढी लांब, सरळ, गाठी नसलेली तुळई लाकडाच्या दुकानात तयार मिळत नाही, आणि ती बसवणारे सुतार बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्यांच्याकडे आधीच दुसऱ्या गावांचे पूल असतात. आमचा पूल हिवाळा सरेपर्यंत बंद राहिला तो यामुळे. पलीकडच्या गोठेवाल्याला रोज सकाळी बर्फातून डोंगराला वळसा घालून जावं लागलं. त्याने कुणाला शिव्या दिल्या नाहीत. गावसभेत मात्र तो उठून एवढंच म्हणाला की ज्यांनी मोडलं त्यांनी निदान कळवायला हवं होतं. मी मान खाली घालून सूप पीत होते. आपलीच माणसं ना.

गावं किती सहन करतील यालाही मर्यादा असते. वुडस्टॉकजवळ पॉम्फ्रेट गाव आहे. तिथल्या एका शेताचा फोटो समाजमाध्यमांवर गाजला आणि पानगळीत लोक लोटले. खासगी अंगणात शिरले, अरुंद मातीच्या रस्त्यावर गाड्या आडव्या लावल्या. २०२३ मध्ये गावाने तो रस्ता ऐन हंगामात बाहेरच्यांना बंदच केला. तीच पाळी पुलांवर येऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

तेव्हा तुमच्याकडून हवं आहे ते फार नाही. बस ठरवताना बसवाल्याकडून उंची आणि वजन लिहून घ्या आणि रस्ता समितीने आधी बघून द्या, ड्रायव्हरच्या फोनवर सोडू नका. पूल यायच्या आधी गावात बस उभी करा आणि चालत या. तुमच्या बेतात ‘पूल : दहा मिनिटं’ असं लिहिलेलं असतं, तिथे पाऊण तास लिहा. चालत आलात तर पूल जास्त दिसतो, हे मी गळ्याशपथ सांगते : फळ्यांच्या फटींतून पडणारे उन्हाचे पट्टे, खालच्या पाण्याचा आवाज आत घुमतो तो, कुठल्याशा सुताराने खांबावर पेन्सिलने मांडलेली बेरीज. बसमधून दिसतो तो समोरच्या बसचा मागचा भाग. पूल एकेरी असतो, तेव्हा मधोमध उभं राहून गट-फोटो नको; गाडी आली की भिंतीला लागून उभं राहा, मुलांचे हात धरा. खांबांवर नावं कोरायची नाहीत, बदामात तर मुळीच नाही.

आणि पुलाला गाडी लागलीच, तर तिथेच थांबा आणि गावाला किंवा पोलिसांना कळवा. पाठीमागून येणाऱ्याला ती चिरलेली तुळई दिसणार नाही. विमा बसचा असतो, तो याचसाठी असतो. पळून जाण्यात ना पैसा वाचतो ना अब्रू. बसवर मंडळाचा फलक लावलेला असतो, हे विसरू नका.

पूल कुठला निवडावा असं मला विचाराल, तर मोठ्या गटासाठी वुडस्टॉकचा मधला पूल घ्या. जुना नाही, १९६९चा. मिल्टन ग्रॅटन या न्यू हॅम्पशायरच्या पूलसुताराने जुन्या पद्धतीने, लाकडी खुंट्या मारून केलेला. काठावर बांधला आणि बैलजोडी लावून नदीवर ओढत नेला. ऐन गावात आहे, पायी जायला बाजूला वेगळी वाट आहे, बस लांब उभी करता येते आणि जेवायला जागा आहेत. तिथे जेवा. पुरीभाजीचे डबे जरूर आणा, पण निदान कॉफी आणि ‘पाय’ (pie) तरी गावातून घ्या. पुलाचं रंगरूप बघायला येणाऱ्यांनी गावात चार पैसे टाकले की मार्चच्या सभेत हात वर करणं लोकांना सोपं जातं. लहान गटाने, छोट्या गाड्यांतून आलात तर मग आडवाटेचे पूल बघा. स्टो गावचा पूल तर भुतासाठी प्रसिद्ध आहे. १८४४चा, एमिली नावाच्या मुलीच्या भुताची पावलं रात्री ऐकू येतात म्हणतात. मी तो पूल रात्री पाहिलेला नाही. दिवसा पाहिला आहे, पावलांची एकही खूण नव्हती.

ज्या मंडळाची बस लागली होती, त्यांच्यासाठी दोन ओळी. गावाच्या कार्यालयाला पत्र लिहा, या सहलीआधी. पैशांचं विमेवाले बघतील. पत्र मात्र तुमच्या सहीचं जाऊ द्या. इंग्रजीत मसुदा करून हवा असेल तर मी करून देईन, आणि या वर्षी आलात तर पुलापाशी उभी राहून आतलं सगळं दाखवेन, ती नवी तुळईसुद्धा. ती अजून पिवळी आहे, बाकीच्या काळ्यात लगेच ओळखू येते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
व्हरमाँटातली एक पूल तपासणारी

ता. क. : पाटीवर उंची फूट आणि इंचांत असते, बसच्या कागदावर कधी कधी मीटरमध्ये. हिशोब घरून करून निघा. पुलाच्या तोंडाशी, मागे गाड्या खोळंबलेल्या आणि बसमध्ये भेंड्या रंगात आलेल्या असताना गुणाकार जमत नाही.